भूभौतिकीय प्रतिमानांच्या जाळीत स्थिर मापनबिंदूंची मांडणी : भिंगार परिसरातील बेसाल्टी भूमीच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या पूर्वेस लागून असलेले भिंगार इतिहासात १४९० च्या लढाईमुळे परिचित आहे. मलिक अहमदने याच परिसरात बहामनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे येथे निजामशाहीची राजधानी वसली. त्या राजधानीला कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणावे लागले, ही बाब तितकीच बोलकी आहे. वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या या पट्ट्यात पाण्याचा प्रश्न जुना आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचा प्रसार झाला, तेव्हापासून 'पाणी कोठे लागेल' या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शेतकरी एकीकडे पाणाड्याचा नारळ आणि दुसरीकडे विद्युत-रोधकता सर्वेक्षण, ज्यास व्यवहारात 'रेझिस्टिव्हिटी सर्वे' म्हटले जाते, या दोहोंचा आधार घेत आला आहे.

गेल्या काही दशकांत या सर्वेक्षणाचे स्वरूप पालटले. पूर्वी आलेखपत्रावर हाताने वक्र जुळविले जात. आता संगणक जमिनीचा उभा छेद रंगीत चित्राच्या रूपाने देतो. चित्र देखणे असते, आणि देखणे असल्यामुळेच त्यावर विश्वास बसतो. तथापि हे चित्र ज्या गणिती जाळीवर उभे असते, त्या जाळीत प्रत्यक्ष मापनाचे बिंदू कोठे व कसे बसविले गेले, याकडे महाविद्यालयीन प्रकल्पांत फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या एका बाबीचे विवेचन केले आहे. विषय भूभौतिकीचा असला तरी भूगोल, गणित, संगणकशास्त्र व पर्यावरणशास्त्र या विभागांच्या अध्यापकांनाही त्याचे प्रयोजन आहे, कारण संयुक्त प्रकल्पांत जमिनीवरील मोजमाप एका विभागाकडे आणि संगणकीय काम दुसऱ्या विभागाकडे असते. चूक नेमकी या दोहोंच्या मधल्या सांध्यात शिरते.

जाळी म्हणजे काय

जमिनीत दोन सळयांमधून विद्युतधारा सोडावयाची आणि अन्य दोन सळयांमधील विभवांतर मोजावयाचे, हे या पद्धतीचे सार होय. या सळयांना इलेक्ट्रोड म्हणतात. फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या रचनेत चारही इलेक्ट्रोड एका रेषेत समान अंतरावर असतात. बाहेरचे दोन धारेचे आणि आतले दोन विभवाचे. जमीन सर्वत्र एकजिनसी असती तर एका सूत्राने काम भागले असते. पृष्ठभागावरील एका धारा-इलेक्ट्रोडपासून काही अंतरावरील विभव हा रोधकता गुणिले धारा, भागिले दोन पाय गुणिले अंतर, इतका असतो. म्हणजेच विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो.

दख्खनची भूमी एकजिनसी नाही. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कोठे झिजलेला व भेगाळलेला तर कोठे अखंड काळा कातळ, मध्येच मांजऱ्या खडकाचा वा लाल गेरूसारख्या मातकट थराचा पट्टा, अशी लाव्हाच्या एकावर एक आलेल्या थरांची ही रचना आहे. ओली काळी माती बहुधा १० ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी रोधकता दाखविते. पाणी धरून असलेला झिजलेला वा सच्छिद्र बेसाल्ट काही दशकांत असतो आणि अखंड कातळ शंभराच्या पुढे जातो. पाण्याच्या शोधात महत्त्वाचा असतो तो यांमधला फरक, आणि तो काही ठिकाणी फार मोठा नसतो.

अशा भूमीसाठी एकच सूत्र नाही. म्हणून जमिनीचा छेद लहान लहान त्रिकोणांत विभागला जातो व प्रत्येक त्रिकोणास एक रोधकता दिली जाते. त्रिकोणांचे शिरोबिंदू म्हणजे जाळीच्या गाठी. संगणक विभवाचे मूल्य काढतो ते या गाठींवर. दोन गाठींच्या मध्ये काय घडते, हे तो सरळ रेषेने जोडून अंदाजतो. यालाच फायनाइट एलिमेंट अर्थात सांत घटक पद्धती म्हणतात. विद्युत सर्वेक्षणासाठी तिचा वापर कॉगन यांच्या १९७१ च्या कामापासून रूढ झाला. डे व मॉरिसन यांनी १९७९ मध्ये याच प्रश्नासाठी आयताकृती जाळीवरील सांत फरक पद्धती विस्ताराने मांडली.

येथे मूळ अडचण लक्षात येते. इलेक्ट्रोड जमिनीत जेथे रोवला गेला तेथे रोवला गेला. त्याचे स्थान हे निरीक्षण आहे. जाळी मात्र माणसाने वा आज्ञावलीने सोयीसाठी आखलेली असते. इलेक्ट्रोडचे स्थान आणि जाळीची गाठ एकत्र आली नाहीत, तर दोहोंपैकी एकाने सरकले पाहिजे. कोणी सरकावे, हाच या लेखाचा विषय आहे.

एक लहानसे गणित

भिंगारहून पाथर्डी रस्त्याच्या दिशेने एका शेतात १५० मीटरची रेषा आखली आहे आणि तीवर दर ५ मीटरला एक, असे ३१ इलेक्ट्रोड रोवले आहेत, अशी कल्पना करावी. जमिनीची रोधकता सर्वत्र ५० ओहम-मीटर आहे, असेही गणितापुरते गृहीत धरावे. वेनर रचनेतील पहिले चार इलेक्ट्रोड ०, ५, १० व १५ मीटरवर येतात.

आता जाळीच्या गाठी पृष्ठभागावर दर दोन मीटरला, म्हणजे ०, २, ४, ६ अशा आहेत असे मानू. ५ मीटरवरच्या इलेक्ट्रोडसाठी तेथे गाठ नाही. पहिला मार्ग म्हणजे ४ व ६ मीटरवरील मूल्यांची सरासरी घेणे. संगणकाने या दोन्ही गाठींवर अगदी अचूक मूल्ये काढली असे उदारपणे मानले, तरी एक-चतुर्थांश व एक-षष्ठांश यांची सरासरी ०.२०८३ येते. खरे मूल्य एक-पंचमांश, म्हणजे ०.२ आहे. चूक ४ टक्क्यांहून थोडी अधिक. १० मीटरवरील इलेक्ट्रोडचे मूल्यही ९ व ११ मीटरवरील गाठींतून काढावे लागले, तर तेथे चूक सुमारे १ टक्का येते.

४ टक्के व १ टक्का या चुका किरकोळ वाटतात. परंतु सर्वेक्षणात मोजला जातो तो विभव नव्हे, विभवांतर होय. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत चूक वाढते. वरील दोन मूल्यांची वजाबाकी ०.१०७३ येते, खरी वजाबाकी ०.१ आहे. म्हणजे चूक ७ टक्क्यांच्या पुढे गेली, आणि ५० ओहम-मीटरची जमीन संगणकास सुमारे ५३.७ ओहम-मीटरची भासू लागली. जमिनीत काहीही नसताना!

दुसरा मार्ग अधिक सोपा व अधिक घातक आहे. तो म्हणजे इलेक्ट्रोडच जवळच्या गाठीवर 'बसविणे'. समजा गाठी दर दीड मीटरला आहेत आणि ५ मीटरवरील इलेक्ट्रोड ४.५ मीटरवरील गाठीस जोडला गेला, बाकीचे तीन आपल्या जागी अचूक आहेत. सरकण केवळ अर्ध्या मीटरची, म्हणजे इलेक्ट्रोडमधील अंतराच्या दहा टक्के. परंतु चारही अंतरांचे व्यस्त घेऊन बेरीज-वजाबाकी केल्यास विभवांतर १३.५ टक्क्यांनी वाढते आणि ५० ऐवजी ५६.७ ओहम-मीटर हाती येतात. हा हिशेब कोणीही कागदावर पाच मिनिटांत ताडून पाहू शकेल. विद्यार्थ्यांकडून तो करवून घेणे हा या विषयाचा उत्तम प्रात्यक्षिक पाठ ठरतो.

दूरच्या इलेक्ट्रोडबाबत ही चूक झपाट्याने विरते. २५ मीटर अंतरावर २४ व २६ च्या गाठींची सरासरी घेतली तर चूक ०.१६ टक्के उरते. म्हणजे दोष सर्व मापनांवर सारखा पसरत नाही, तो जवळच्या, उथळ मापनांत एकवटतो. व्यस्त गणन करणारी आज्ञावली मोजलेली व काढलेली मूल्ये जुळविण्याचा प्रयत्न करते, तेव्हा हा विसंवाद तिला कोठेतरी खपवावा लागतो. ती त्या इलेक्ट्रोडच्या आसपास कमी व अधिक रोधकतेचे जोडीने येणारे ठिपके निर्माण करते. छेदावर ते एखाद्या अरुंद, उभ्या भेगेसारखे वा डाइकसारखे दिसतात. दख्खनमध्ये डाइक खरोखरच आहेत आणि त्यांच्या कडेच्या भेगांत पाणीही असते, त्यामुळे अशा आकृतीचा अर्थ लावण्याचा मोह अनावर होतो. बोअरची जागा तेथे ठरते. खर्च अर्थातच शेतकऱ्याचा. नारळ उभा राहिला म्हणून घेतलेल्या बोअरइतकीच ही बोअर निराधार असते, फरक इतकाच की तिच्यामागे शास्त्राचे नाव असते.

बिंदूंभोवती जाळी विणणे

उपाय तत्त्वतः सरळ आहे : प्रथम मापनबिंदू ठेवावेत आणि मग त्यांच्याभोवती जाळी विणावी. आयताकृती जाळीत हे करणे अवघड जाते, कारण एक उभी रेषा सरकविली की ती वरपासून खालपर्यंत सरकते. त्रिकोणी जाळीत ही अडचण नाही. रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ मध्ये दिलेल्या नियमानुसार दिलेल्या बिंदूंतून अशी त्रिकोणरचना करता येते, की कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा बिंदू येत नाही. या रचनेत त्रिकोण शक्य तितके कमी चिंचोळे राहतात. यांतील महत्त्वाची गोष्ट अशी की, दिलेले बिंदू हलविले जात नाहीत, गरजेनुसार नवे बिंदू वाढविले जातात. शूचुक यांची 'ट्रँगल' (१९९६), त्रिमितीसाठी हांग सी यांची 'टेटजेन', तसेच 'जीमेश' या मुक्तपणे उपलब्ध आज्ञावली हेच तत्त्व पाळतात. 'जीमेश'मध्ये मात्र पृष्ठाच्या आत असलेला बिंदू त्या पृष्ठात अंतर्भूत करावयाचा आहे, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. केवळ बिंदू लिहिला म्हणून तो गाठ होतोच असे नाही, आणि नवख्या विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा हीच असते. 'पायजिमली' या भूभौतिकीय आज्ञावलीत इलेक्ट्रोडच्या गाठींना उणे ९९ ही खूण देण्याचा संकेत आहे, जेणेकरून हजारो गाठींतून मापनाच्या गाठी ओळखता याव्यात.

परंतु गाठ ठेवल्याने काम संपत नाही. धारा-इलेक्ट्रोडपाशी अंतर शून्याकडे जाते तसा विभव अनंताकडे जातो. सरळ रेषेचे तुकडे जोडून हा तीव्र चढ साधत नाही. म्हणून इलेक्ट्रोडलगतचे त्रिकोण फार बारीक घ्यावे लागतात. रूढ युक्ती अशी, की प्रत्येक इलेक्ट्रोडच्या खाली, इलेक्ट्रोड-अंतराच्या एक-दशांशाइतक्या खोलीवर आणखी एक स्थिर बिंदू द्यावयाचा. ५ मीटरच्या अंतरासाठी तो अर्ध्या मीटरवर येतो. त्यामुळे तेथील त्रिकोण आपोआप लहान होतात आणि दूर जाताना क्रमाक्रमाने मोठे होत जातात. दुसरी युक्ती गणिती आहे. एकजिनसी जमिनीचे विभव सूत्राने अचूक ठाऊक असते, ते वेगळे काढून ठेवावे आणि संगणकाने फक्त उरलेला, सौम्य भाग सोडवावा. लोरी, ॲलन व शाइव्ह यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही रीत सपाट जमिनीवर उत्तम चालते. उंचसखल जमिनीवर मात्र ते सूत्रच लागू पडत नाही व मूळ विभवही संगणकाकडूनच काढून घ्यावा लागतो. र्‍युकर, ग्युंटर व स्पिट्झर यांनी २००६ मध्ये त्रिमितीय भूरूपासाठी हेच केले.

भूरूपाचा हा मुद्दा भिंगारला गैरलागू नाही. पूर्वेकडे पाथर्डी रस्त्यावर, जनमानसात 'चांदबिबीचा महाल' म्हणून प्रसिद्ध असलेल्या सलाबतखानाच्या कबरीचा डोंगर या प्रदेशाची ठेवण दाखवितो : सपाट माथा आणि पायऱ्या-पायऱ्यांचा उतार. 'ट्रॅप' या संज्ञेचे मूळ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे, हे येथे पाहताक्षणी पटते. अशा उतारावर फीत जमिनीलगत धरली तर मिळते ते उताराचे अंतर, जाळीस हवे असते ते क्षितिजसमांतर अंतर व उंची. ३० अंशांच्या उतारावर ५ मीटरचे क्षितिजसमांतर अंतर ४.३३ मीटर भरते. वरच्या गणितात अर्ध्या मीटरने काय घडले ते पाहता या ६७ सेंटिमीटरचा परिणाम वेगळा सांगावयास नको.

शेतातील नोंदवही आणि संगणक

जाळी मापनबिंदूंभोवती विणावयाची, तर मापनबिंदूंची स्थाने विश्वासार्ह हवीत. येथे प्रश्न संगणकाकडून पुन्हा शेताकडे येतो. ठरलेल्या जागी कातळ उघडा असेल, सळई शिरत नसेल, तर ती थोडी बाजूस रोवावी लागते. छावणीलगतच्या वस्तीत भिंत, रस्ता वा पुरलेला नळ आडवा आला तर रेषाच वाकवावी लागते. हे करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते नोंदवहीत '५ मीटर' असेच लिहिणे. सळई ४.५ मीटरवर रोवली आणि तसे नोंदविले, तर योग्य जाळी ही गोष्ट निमूटपणे सामावून घेते. नोंदविले नाही, तर पुढे कितीही बारीक जाळी घेतली तरी उपयोग नाही.

हातात धरण्याच्या साध्या जीपीएस उपकरणाची अचूकता सामान्यतः ३ ते ५ मीटरची असते, म्हणजे इलेक्ट्रोडमधील अंतराएवढीच. तरीही ३१ इलेक्ट्रोडची ३१ स्थाने अशा उपकरणाने घेऊन जाळीत भरलेली आढळतात. त्यापेक्षा साधी फीत कितीतरी श्रेष्ठ. जीपीएसचा उपयोग रेषेची दोन टोके नकाशावर दाखविण्यापुरता करावा आणि मधली अंतरे फितीने व लेव्हलिंगने घ्यावीत. फीत व जीपीएस या दोन्हींची स्थाने एकाच यादीत मिसळली, तर एकच इलेक्ट्रोड काही सेंटिमीटरच्या फरकाने दोनदा येतो. आज्ञावली दोन्ही बिंदू प्रामाणिकपणे जपते आणि त्यांच्यामध्ये सुईसारखे त्रिकोण निर्माण करते.

याहून सूक्ष्म, पण प्रत्यक्षात घडणारी बाब संख्यांच्या साठवणीची आहे. यूटीएम पद्धतीत भिंगार परिसराचा उत्तर निर्देशांक २१ लाख मीटरांहून अधिक येतो. एकेरी अचूकतेच्या संगणकीय संख्येत एवढ्या मोठ्या मूल्यांमधील लहानात लहान अंतर पाव मीटरचे असते. म्हणजे फितीने सेंटिमीटरपर्यंत घेतलेले स्थान फाइलमध्ये शिरताच पाव मीटरच्या पटीत बसविले जाते. रेषेच्या आरंभास शून्य मानून स्थानिक निर्देशांक वापरले की हा दोष मुळातच उद्भवत नाही.

विहिरी व खोल बिंदू

हाच प्रश्न भूजल-प्रतिमानात वेगळ्या रूपाने येतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निश्चित केलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा नोंदविते. जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावाने तर पाण्याचा वार्षिक ताळेबंद मोजमापांवरच उभा केला. या विहिरी म्हणजे स्थिर मापनबिंदूच. भूजल-प्रतिमानाची जाळी मात्र अनेकदा १०० मीटरच्या चौकोनांची असते आणि संगणक एका चौकोनास एकच पातळी देतो. ज्या विहिरीतून उपसा होत नाही, तिच्यासाठी शेजारच्या चौकोनांतून सरासरी घेऊन बहुधा भागते. उपशाच्या विहिरीचे तसे नाही. पीसमन यांनी १९७८ मध्ये तेलविहिरींसाठी दाखवून दिले, की चौकोनाचे मूल्य हे विहिरीतील नसून विहिरीपासून चौकोनाच्या बाजूच्या सुमारे एक-पंचमांश अंतरावरील असते. १०० मीटरच्या चौकोनात ते २० मीटरवरचे झाले. ३ मीटर त्रिज्येची विहीर, दिवसाला १०० घनमीटर उपसा आणि ३० चौरस मीटर प्रतिदिन पारगम्यता असे उदाहरण घेतले, तर स्थिर प्रवाहाच्या सूत्राने या दोन जागांच्या पातळींत सुमारे एक मीटरचा फरक निघतो. उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरींच्या प्रदेशात एक मीटर ही उपेक्षणीय राशी नव्हे. असा फरक प्रतिमानात पारगम्यता बदलून 'जुळवून' घेतला गेला, तर पुढील सर्व अंदाज बिघडतात. विहिरीस जाळीची गाठ मानून तिच्याभोवती लहान घटक घेणे, किंवा पीसमन यांची दुरुस्ती लावणे, हे दोन प्रामाणिक पर्याय आहेत.

मापनबिंदू पृष्ठभागावरच असतात असेही नाही. १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर जगभर अभ्यासिल्या गेलेल्या कोयना-वारणा परिसरात राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या विंधन विवरांत भूकंपमापक बसविले आहेत. अशा वेळी बिंदू जाळीच्या गाभ्यात रोवावा लागतो. विंधन विवरात बेसाल्टचा तळ जेथे सापडला ती खोलीही एक स्थिर बिंदूच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे तो ३३८ मीटरवर, तर कोयनेजवळ गोठणे येथे १,२४७ मीटरवर सापडला. थरांची सीमा दाखविणारी जाळीतील रेषा या बिंदूंतून जाणे आवश्यक आहे, जवळून जाणे पुरेसे नाही. उलटपक्षी गुरुत्वीय सर्वेक्षणात हा आग्रह धरण्याचे कारण नाही. तेथे मापनबिंदूवरील परिणाम सर्व घटकांच्या बेरजेतून थेट काढला जातो, त्यामुळे बिंदू गाठीवर असण्याची गरजच पडत नाही. नियम पद्धतीनुसार बदलतो, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

जाळीची परीक्षा

जाळी योग्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी खर्चिक साधन लागत नाही. पहिली कसोटी अशी : जाळीतील प्रत्येक त्रिकोणास एकच रोधकता, समजा ५० ओहम-मीटर, द्यावी आणि शेतातील सर्व मापने संगणकावर करून पाहावीत. सपाट जमिनीवर प्रत्येक उत्तर ५० यावयास हवे. जेथे ते ५३ वा ५६ येते, तेथे दोष जमिनीचा नाही, जाळीचा आहे, आणि कोणत्या इलेक्ट्रोडपाशी आहे तेही त्यावरून कळते. हा फरक एक टक्क्याच्या आत आणावा, कारण शेतातील मापनाची चूक दोन-तीन टक्के असते आणि जाळीची चूक तिच्याहून लहान असली पाहिजे. डोंगरउतारावर उत्तर ५० येणार नाही, तेथे जाळी दुप्पट बारीक करून उत्तर बदलते का, हे पाहावे. दुसरी कसोटी अदलाबदलीची. धारेचे व विभवाचे इलेक्ट्रोड परस्परांत बदलले तरी उत्तर तेच राहिले पाहिजे. शेतातही हीच अदलाबदल काही निवडक मापनांवर करता येते, आणि तेथे फरक दिसल्यास सळईचा जमिनीशी असलेला संपर्क व तारांची जोडणी तपासावी.

वर कल्पिलेली १५० मीटरची रेषा वेनर रचनेने साधारणपणे २५ मीटर खोलीपर्यंतच विश्वसनीय माहिती देते. ती खोली विहिरीची आहे, ६० वा १०० मीटरच्या बोअरची नाही. अहवालासोबत रंगीत छेद जोडताना ही खोली, इलेक्ट्रोडच्या स्थानांची मूळ यादी आणि एकजिनसी जाळीच्या कसोटीचा निष्कर्ष या तिन्ही गोष्टी त्याच पानावर द्याव्यात. विद्यापीठीय प्रकल्प-अहवालांत त्या बहुधा परिशिष्टातही नसतात.